टोलनाक्यावरची जहाजं

तुर्भे नाक्यावर संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहिलं तरी जगभरचा माल अंगावरून जातो. दिसत नाही ते फक्त जहाज. न्हावा शेव्याहून सुटलेले ट्रेलर उरण फाट्यावरून येऊन ठाणे-बेलापूर रस्त्याला लागतात. एपीएमसीच्या अंगाने मसाला मार्केटचा वास येतो, मिरची आणि धने. एमआयडीसीच्या अंगाने जो येतो त्याला अजून नाव सापडलेलं नाही. कंटेनरवरची नावं वाचायचा मला नाद आहे. त्यात एक करडा डबा हमखास असतो. त्यावर निळा चौकोन आणि चौकोनात पांढरी, सात टोकांची चांदणी.

टपरीवर चहा पिणाऱ्या एका ट्रेलरवाल्याला विचारलं, ही चांदणी कसली? "कंपनीची हाय, दादा," तो म्हणाला. बशीतला घोट संपवून पुढे म्हणाला, "डबा रोज ओढतो, पण जहाज काय जवळून बघितलं नाय. आत गेलं की नुसत्या क्रेन दिसत्यात."

चांदणी डेन्मार्कची आहे. पीटर मर्स्क मोलर नावाच्या डॅनिश कप्तानाने १८८६ साली 'लॉरा' ही आगबोट घेतली आणि तिच्या धुराड्यावर निळ्या पट्ट्यात पांढरी चांदणी रंगवून घेतली. त्याची बायको मागे फार आजारी होती. एका ढगाळ रात्री त्याने देवाकडे खूण मागितली, आभाळात एक तरी चांदणी दिसू दे. ती दिसली आणि बायको बरी झाली. ही हकिकत त्याने स्वतःच तिला पत्रात लिहिली आहे. पुढे १९०४ साली बापलेकांनी जहाज कंपनी काढली, ती वाढत वाढत जगभर पसरली, आणि आज न्हावा शेव्याचं एक टर्मिनलही याच घराण्याच्या उद्योगाच्या भागीदारीत चालतं. आपल्याकडे नवसाची घंटा असते, पाळणा असतो. ही नवसाची चांदणी, सव्वाशेहून जास्त वर्षांनंतर तुर्भ्याच्या सिग्नलला थांबलेली.

डेन्मार्क मराठी माणसाला तसा परका नाही. लार्सन आणि टुब्रो हे दोघे डॅनिश इंजिनिअर. १९३८ साली मुंबईत त्यांनी भागीदारी केली, आणि 'लार्सनमध्ये आहे' हे वाक्य लग्नाच्या बाजारात किती पिढ्या चाललं ते आपल्याला ठाऊक आहे. त्याच्याही आधी आगरकर होते. डोंगरीच्या तुरुंगातून सुटल्यावर वर्षभरातच, १८८३ साली, त्यांचं 'विकारविलसित' प्रसिद्ध झालं. ते 'हॅम्लेट'चं भाषांतर, आणि हॅम्लेटचा किल्ला डेन्मार्कच्या एल्सिनोरचा. या लेखातली जहाजं त्याच किल्ल्यासमोर नांगर टाकून उभी आहेत.

ती मी तुर्भ्यातच पाहिली, मोबाइलवर. कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने आपल्याकडची जुनी चित्रं मोठ्या आकारात, फुकट, सगळ्यांसाठी खुली करून ठेवली आहेत. बोटाने चित्र ताणत जायचं. मी ताणत गेलो ते क्रिस्टोफर विल्हेल्म एकर्सबर्गचं चित्र, साल १८२८. एल्सिनोरसमोरच्या पाण्यात रशियाचं 'आझोव' हे मोठं लढाऊ जहाज आणि सोबत एक फ्रिगेट. चित्रात लढाई नाही, वादळ नाही, बुडणारा माणूस नाही. जहाज नांगरावर उभं आहे, एवढंच.

पण ते उभं कसं आहे, पाहा. आपल्याकडे कॅलेंडरवर जहाज असतं तेव्हा तीन काठ्या, चार शिडं आणि मधे रेघोट्या मारल्या की झालं. इथे एकेक दोर कुठून निघाला आणि कुठे बांधला ते कळतं. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताण देणारे दोर वेगळे, परबाण, म्हणजे शिडाची आडवी काठी, वर-खाली करणारे वेगळे. एखाद्या म्हाताऱ्या तांडेलापुढे हे चित्र ठेवलं तर तो रंगाबद्दल काही बोलणार नाही, पण एखादा दोर चुकला असता तर लगेच बोट ठेवील, आणि एकर्सबर्गला नेमका असाच प्रेक्षक हवा होता असं मला वाटतं. हा माणूस जहाजांचे बांधणीचे नकाशे मिळवून चित्रं काढायचा. आधी पट्टी आणि कर्कटक, मग कुंचला. चित्रकारांना कामी येणाऱ्या यथार्थदर्शनावर त्याने १८४१ साली पुस्तकच छापलं. दूरचं लहान, जवळचं मोठं हे सगळेच जाणतात, पण पाण्यावर तिरक्या उभ्या जहाजाचं पंधरावं परबाण किती अंशांनी लहान दिसेल, हे तो गणिताने काढायचा.

दुसरा नाद हवेचा. वर्षानुवर्षं ठेवलेल्या रोजनिशीत तो वारा कुठला, ढग कसे, पाऊस आला की नाही हे टिपत राहिला. एका प्राध्यापकाची रोजनिशी म्हणून ती कंटाळवाणी आहे, पण त्याच्या चित्रातलं आभाळ बघितलं की कंटाळ्याचं मोल कळतं. ढग आणि पाणी एकमेकांशी खोटं बोलत नाहीत. वारा डावीकडून असेल तर निशाण, लाट आणि ढग तिघेही डावीकडूनच येतात. आपल्या कोळीवाड्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. मतलई वारा आणि खारा वारा ज्याला कळतो त्याला असलं चित्र वाचता येतं.

एकर्सबर्ग हा काही दर्यावर्दी घरातला नव्हे. जन्म १७८३चा. पॅरिसला दाविदच्या हाताखाली शिकला, रोमला तीन वर्षं राहून तिथल्या पडक्या भिंती आणि कमानी रंगवल्या, आणि १८१८ साली कोपनहेगनच्या कला अकादमीत प्राध्यापक झाला. कोपनहेगनच्या १८५३च्या पटकीच्या साथीत गेला. डॅनिश चित्रकलेचं 'सुवर्णयुग' म्हणतात त्याचा तो मूळ पुरुष, कारण त्यातले निम्मे लोक त्याचेच विद्यार्थी.

आता प्रश्न असा, की त्याच्यासमोर एवढी जहाजं उभी का होती? उत्तर वाशी पुलावरून जन्मभर ये-जा केलेल्या माणसाला एका शब्दात कळेल. टोल. बाल्टिक समुद्राची मुख्य वाट म्हणजे डेन्मार्क आणि स्वीडनमधली चिंचोळी सामुद्रधुनी. एल्सिनोरपाशी ती अवघी चार किलोमीटर रुंद. १४२९ पासून डेन्मार्कच्या राजाने तिथे जकात बसवली. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक व्यापारी गलबताने थांबायचं, कागद दाखवायचे, पैसे मोजायचे, मग पुढे. काठावर क्रॉनबोर्गचा किल्ला, किल्ल्यावर तोफा. न थांबणाऱ्याला त्या थांबवत. लढाऊ जहाजांना जकात नव्हती, पण अनुकूल वाऱ्याची वाट पाहत तीही तिथेच नांगर टाकत. हे सव्वाचारशे वर्षं चाललं. अमेरिकेने पैसे द्यायचं नाकारलं, इतर देशांनीही दम धरला नाही, आणि १८५७ साली करार होऊन तो नाका उठला. म्हणजे एकर्सबर्ग आणि त्याचे शिष्य ज्या शांत, थांबलेल्या जहाजांसाठी प्रसिद्ध आहेत त्यांतली व्यापारी जहाजं टोलच्या रांगेत उभी होती. हे कळल्यापासून ती चित्रं मला जास्तच आवडायला लागली आहेत.

इथे एक जुनी खदखद बोलून घेतो. कोकणच्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे दस्तक मागत. आमच्या पाण्यातून जायचं तर आमचा परवाना घ्या, नाहीतर गलबत अडवू. पोर्तुगीजांनी त्याआधी दोनशे वर्षं तेच केलं, त्यांच्या कागदाचं नाव कार्ताझ. कान्होजींना इंग्रजांनी चाचे ठरवलं आणि शाळेतल्या इतिहासापर्यंत तो शब्द पोचला. डेन्मार्कच्या राजाचे पैसे मात्र तेच इंग्रज पिढ्यान्‌पिढ्या निमूट भरत होते. किनारा, किल्ला, तोफा आणि कागद दोन्हीकडे सारखेच होते. एकाची जकात झाली आणि दुसऱ्याची चाचेगिरी.

डॅनिश लोकांनाही इंग्रजांचा प्रसाद मिळालाच. २ एप्रिल १८०१ला नेल्सन कोपनहेगनच्या दारात येऊन लढून गेला. सप्टेंबर १८०७मध्ये इंग्रजांनी तीन रात्री शहरावर गोळे आणि अग्निबाण टाकले आणि शरणागतीनंतर डॅनिश आरमार बंदरातून ओढून नेलं. १८१३ला सरकारचं दिवाळं निघालं, १८१४ला नॉर्वे गेला. मग जहाजं एकेक करून पुन्हा बांधली गेली, आणि बांधून झालेल्या प्रत्येक जहाजाचं कौतुक चित्रात आलं. गमावलेल्या गोष्टीची नीट मोजदाद करावी तसं हे काम आहे. एकर्सबर्गच्या चित्रात कुठेही आरडाओरडा नाही, याचं कारण मला तरी इथेच सापडतं.

पुन्हा 'आझोव'कडे. हे जहाज अर्खान्गेल्स्कला बांधलं, १८२६ साली पाण्यात उतरलं. दुसऱ्याच वर्षी ते भूमध्य समुद्रात गेलं आणि २० ऑक्टोबर १८२७ रोजी ग्रीसच्या नावारीनोच्या उपसागरात लढलं. एका बाजूला इंग्रज, फ्रेंच आणि रशियन, दुसऱ्या बाजूला तुर्की आणि इजिप्शियन आरमार. फक्त शिडांच्या जहाजांनी लढलेली ही शेवटची मोठी लढाई. 'आझोव'वर रशियन ॲडमिरलचं निशाण होतं. त्यावर दीडशेच्या वर गोळे बसले, तरी ते तगलं.

त्या दिवशी इंग्रज ॲडमिरल कॉड्रिंग्टन ज्या जहाजावर होता त्याचं नाव 'एशिया'. ८४ तोफांचं, मलबारी सागवानाचं, आणि बांधलेलं मुंबईत. १९ जानेवारी १८२४ला फोर्टातल्या गोदीतून ते पाण्यात उतरलं. बांधणारे नौरोजी जमशेदजी वाडिया. सुरतेहून १७३०च्या दशकात आलेल्या लवजी नसरवानजींच्या घराण्यातले. त्याच गोदीतून १८१०ला 'मिंडेन', १८१३ला 'कॉर्नवॉलिस', १८१७ला 'त्रिंकोमाली' उतरल्या. 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे, तिकीट काढून बघता येते.

म्हणजे कोपनहेगनच्या भिंतीवर शांत उभं असलेलं ते जहाज आणि मुंबईच्या सुतारांनी, लोहारांनी, सागाच्या फळ्यांना फळ्या जुळवून केलेलं जहाज एकाच दिवशी, एकाच धुरात, एकाच बाजूने लढलं. चित्रात 'आझोव'चा दोर न् दोर दिसतो. 'एशिया'चे दोर ज्यांनी वळले, त्यांच्यातल्या कुणी तिचं चित्र काढल्याचं माझ्या पाहण्यात नाही. वाडियांची तैलचित्रं आहेत, हातात आराखडा, मागे जहाज. त्यातही माणूस पुढे आणि जहाज मागे.

एकर्सबर्गचं दुसरं एक चित्र १८३९चं. 'गॅलाथिया' हे डॅनिश कॉर्व्हेट उत्तर समुद्राच्या तुफानात सापडलं आहे. इथे मात्र पाणी उभं राहिलं आहे आणि जहाज कलंडलं आहे. सहा वर्षांनी, १८४५च्या जूनमध्ये, हेच 'गॅलाथिया' कप्तान स्टीन बिल्लेच्या हाताखाली पृथ्वीप्रदक्षिणेला निघालं आणि आपल्याकडे तरंगमबाडीला येऊन थांबलं. एक काम शास्त्रीय होतं, माशांपासून खडकांपर्यंत नमुने गोळा करणं. सोबत चित्रकारही होते. दुसरं काम जरा उदास होतं. तरंगमबाडी आणि बंगालमधलं श्रीरामपूर ही ठाणी डेन्मार्कने साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकली होती, त्या हस्तांतराचं.

तरंगमबाडी तंजावरच्या मुलखातली. १६२०ला डॅनिशांनी ती नायक राजाकडून घेतली आणि पुढे तंजावरला भोसले आले तेव्हा खंड त्यांच्याकडे जाऊ लागला. किनाऱ्यावर टोल घेणारा राजा इथे स्वतः भाडेकरू होता. या व्यवहारातले मोडी कागद आज कोपनहेगनमध्ये आहेत. एलिझाबेथ स्ट्रँडबर्ग या विदुषीने ते वाचून, संपादून १९८३ साली पुस्तकरूपाने छापले. श्रीरामपूरची गोष्ट तर आणखी जवळची. विल्यम कॅरीला इंग्रज कंपनीने आपल्या हद्दीत मिशन चालवू दिलं नाही, म्हणून तो डॅनिश ठाण्यात राहिला. त्याचं मराठी व्याकरण १८०५ला तिथेच छापलं गेलं. मराठीचं छापील व्याकरण डॅनिश झेंड्याखाली निघालं, हे व्याकरणाच्या मास्तरांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

एकर्सबर्गनंतरची मंडळी चपळ होती. आंटोन मेलबी, त्याचे भाऊ विल्हेल्म आणि फ्रिट्झ हे तिघेही समुद्रचित्रकार. पैकी फ्रिट्झ डॅनिश वेस्ट इंडीजमध्ये सेंट थॉमस बेटावर गेला, तिथे त्याला दुकानात काम करणारा एक तरुण भेटला आणि दोघे व्हेनेझुएलाला चित्रं काढायला पळाले. तो तरुण म्हणजे कामीय पिसारो, पुढे इम्प्रेशनिस्टांचा वडीलधारा. कार्ल रासमुसेन ग्रीनलंडचं बर्फ रंगवत राहिला आणि १८९३ला तिथून परतताना जहाजावरून पडून बुडाला. या पिढीच्या चित्रात लाटा मोठ्या झाल्या, आभाळ नाटकी झालं आणि दोर थोडे ढिले पडले. मला ती कमी आवडतात.

मग १८७०नंतर चित्रकार उत्तरेला स्कागेनला जमू लागले. डेन्मार्कचं वरचं टोक. वाळूची जीभ, तिच्या दोन्ही बाजूंना दोन समुद्र, आणि टोकाला लाटा समोरासमोर आदळतात. तिथे १८९०पर्यंत रेल्वे नव्हती आणि १९०७पर्यंत बंदर नव्हतं. होड्या हाताने वाळूवर ओढायच्या. वादळात जहाजं फुटायची, गावातले कोळी वल्ही मारत बुडणाऱ्यांना आणायला जायचे, काही परत यायचे नाहीत. मिकाएल आंकर तिथे राहिला, तिथल्या खाणावळवाल्याच्या आना नावाच्या मुलीशी लग्न केलं. ती त्याच्याहून चांगली चित्रकार निघाली, पण तिने समुद्र सोडून खिडकीतून घरात येणारं ऊन रंगवलं. तिथल्याच क्रोयर या चित्रकाराचे निळे संध्याकाळचे किनारे आज डेन्मार्कच्या पोस्टकार्डांवर आहेत, तेव्हा त्यांच्याबद्दल मी काही लिहीत नाही.

आंकरचं मात्र एक चित्र सोडवत नाही. १८८०च्या सुमाराचं. नाव साधारण असं: 'वळसा घालून येईल का तो?' किनाऱ्यावर दहाबारा कोळी उभे आहेत. अंगात तेलकट कापडाचे डगले, डोक्यावर कानटोप्या, पायात गुडघ्यापर्यंत बूट. कुणी हात खिशात घातले आहेत, कुणी पुढे वाकला आहे. सगळे एकाच दिशेला बघताहेत. ज्या जहाजाकडे बघताहेत ते चित्रात नाही. चौकटीच्या बाहेर कुठेतरी ते टोकाला वळसा घालतं आहे, जमलं तर जमलं. एकर्सबर्गने जहाजाचा दोर न् दोर दाखवला होता. पन्नास वर्षांनी त्याच देशातल्या एका माणसाने जहाजच काढून टाकलं आणि ते जास्त दिसायला लागलं. श्रावणात, नारळी पुनवेनंतर समुद्रात गेलेली होडी वेळेवर परतली नाही की आपल्या कुठल्याही बंदरावर असेच चेहरे दिसतात. आपल्याकडे त्यात बायका जास्त असतात, एवढाच फरक.

आपल्याकडे जहाज कुणी काढलंच नाही असं नाही. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज आहे, त्यावर रांगेने मडकी ठेवली आहेत. लांबच्या प्रवासाला गोडं पाणी लागतं हे त्या चित्रकाराला माहीत होतं. आणि बोरिवलीला एकसर गावात वीरगळ आहेत. मी ते बघायला गेलो तेव्हा रिक्षावाल्याला 'वीरगळ' कळलं नाही, मैदान म्हटल्यावर कळलं. इमारतींच्या मधे दगड उभे. खालच्या पट्ट्यात जमिनीवरची लढाई, मग पाणी, पाण्यात चोचीसारख्या टोकाची जहाजं आणि त्यांच्या कुशीतून बाहेर आलेल्या वल्ह्यांच्या ओळी. शेवटी वर स्वर्ग. शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचे यादव यांच्या तेराव्या शतकातल्या आरमारी लढाईशी अभ्यासक त्यांचा संबंध लावतात. वल्ही मोजता येतात. ऊन तिरपं असलं तर जास्त चांगली मोजता येतात, म्हणून सकाळी लवकर जावं.

त्यानंतर मधे मोठं मोकळं पाणी आहे. विजयदुर्गला फेब्रुवारी १७५६मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार नांगरावर जळालं. वॉटसनची इंग्रज जहाजं समुद्रातून आणि पेशव्यांची फौज जमिनीवरून, म्हणजे आपलाही हात त्या आगीत आहे. घटनेनंतर काही वर्षांनी तिचं तैलचित्र झालं, ते डॉमिनिक सेर नावाच्या, इंग्लंडात स्थायिक झालेल्या फ्रेंच चित्रकाराने केलं, तेही जिंकणाऱ्यांच्या बाजूने. विजयदुर्ग त्याने कधी पाहिला नव्हता. आज आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं कशी दिसत असतील हे शोधायचं तर त्या शत्रूच्या चित्रातल्या धुरात डोळे ताणावे लागतात. डॅनिशांचंही आरमार इंग्रजांनीच नेलं होतं. पण त्यांचा एक प्राध्यापक पट्टी आणि कर्कटक घेऊन गोदीत जात राहिला. आमच्याकडे पोवाडा होता, बखर होती, पट्टी घेऊन कुणी गेलं नाही. जे. जे.ची मुलं ससून डॉकला जाऊन मचवे रंगवतात. ते जलरंग सुरेख असतात, पण त्यात पाण्यातलं प्रतिबिंब नेमकं आणि दोर अंदाजे असतो.

तुर्भ्याच्या गावठाणातून पश्चिमेला खाडी आता दिसत नाही. मधे रूळ, मार्केट, इमारती आणि शेवटी खारफुटी. पलीकडच्या काठावरच्या ट्रॉम्बेलाही मराठीत तुर्भेच म्हणतात. खाडीच्या दोन्ही अंगांना एकेक तुर्भे, आणि मधल्या पाण्यातून एके काळी मिठाचे पडाव जात. त्यांच्या शिडाला किती दोर होते, परबाण कशाचं असे, हे सांगणारी माणसं आगरी-कोळी घरांतून आता ऐंशीच्या पुढची आहेत. तुमच्या घरात असा कुणी म्हातारा असेल तर कागद-पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर बसा आणि त्याच्याकडून एक होडी काढून घ्या, दोरांसकट.

'आझोव' नावारीनोहून चाळण होऊन परतलं आणि १८३१ साली मोडीत निघालं, जेमतेम पाच वर्षांचं. त्याचं चित्र कोपनहेगनला आहे. मुंबईचं 'एशिया' १९०८ साली विकलं गेलं, चौऱ्याऐंशी वर्षांचं होऊन.